हेमाचं पत्र पावलं

"घडीच्या कडेला लिहू नकोस, तिथं डिंक लागतो," अण्णा म्हणाले.

"मग लिहू कुठं?"

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, निळं अंतर्देशीय पत्र उजेडाकडं धरलं आणि नखानं एक पट्टी दाखवली. बोटभर रुंद असेल नसेल. "एवढी पुरे की. तुला काय लिहायचंय असं मोठं?"

मला काय लिहायचं होतं! नवरा वर्ष उलटून गेलं तरी तुरुंगात, पोटची पोर बापानं पाहिलेली नाही, आणि सासरे विचारतात, काय लिहायचंय असं मोठं. मी पेन उचललं आणि त्या पट्टीवर लिहिलं, "इकडे सर्व ठीक. काळजी नसावी. आपली, सौ. हेमलता." अण्णांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, "छान" म्हणाले आणि पत्राला जीभ लावली.

दर रविवारी जेवणं झाली की बार्शीच्या आमच्या घरात हा कार्यक्रम असायचा. आणीबाणी लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात पोलीस रघूला घेऊन गेले. रघू म्हणजे माझा नवरा, रघुनाथ माळवदे, शाळेत गणित शिकवायचा आणि उरलेल्या वेळात समाजवाद्यांच्या सभा भरवायचा. खटला नाही, शिक्षा नाही, सुटकेची तारीख नाही. नुसतं आत ठेवलेलं. त्या तुरुंगाचा नियम असा, की आठवड्याला घरून एकच पत्र आत जायचं आणि आतून एकच बाहेर यायचं. तेही साहेब वाचणार, शिक्का मारणार, मग देणार.

अण्णांचं पेठेत शिवणकामाचं दुकान होतं. कापड बेतावं तसं ते पत्र बेतायचे. अडीच पानं त्यांची. "चि. रघुनाथ यास अनेक उत्तम आशीर्वाद" इथपासून सुरुवात, मग बेचाळीस साली ते स्वतः आत होते तेव्हा त्यांनी काय काय सोसलं, मग देशाची परिस्थिती, पण ती अशी फिरवून लिहिलेली की साहेबाला कात्री लावता येऊ नये. उरलेल्या अर्ध्या पानात आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतील ते शालू लिहायची. शालू माझी नणंद. ती स्वतःच्या चार ओळी घालायची. आणि मग मी. डिंकाच्या शेजारी.

आतून येणाऱ्या पत्राचंही तेच. पोस्टमन दारात दिसला की अण्णा दुकानातून शिलाई टाकून यायचे. शेजारचे दोन मास्तर, कोपऱ्यावरचे वैद्य, पक्षाची चार मंडळी, सगळे ओसरीवर जमायचे. अण्णा उभे राहून वाचायचे. रघूही बिचारा सगळ्यांना पुरेल असं लिहायचा. "वैद्यकाकांना नमस्कार. अण्णांच्या पत्राची इथं सगळे वाट पाहतात. शालूनं इंग्रजीकडे लक्ष द्यावं. सौ. हेमास आशीर्वाद." आशीर्वाद! मी काय त्याची भाची होते?

आमचं लग्न एका शिबिरात जमलेलं. श्रमदानाला रस्ता खणत होतो, त्यानं माझ्या पायावर घमेलं पाडलं आणि मी सगळ्यांदेखत त्याला शिव्या घातल्या. तिथून सुरुवात. चारचौघांत मी त्याला "अहो" म्हणायची, पण दोघंच असलो की "अरे रघू", आणि तोच म्हणायचा, मला तसंच आवडतं. आता दोघंच असणं राहिलंच नव्हतं. आमच्या संसारात एक साहेब, एक शिक्का, अण्णा, आक्का, शालू, दोन मास्तर आणि एक वैद्य एवढी माणसं कायमची येऊन बसली होती.

पोर झाली ती रघू आत गेल्यावर, मार्गशीर्षात. मला तिचं नाव शुभदा ठेवायचं होतं. अण्णांनी पत्रात परस्पर कळवून टाकलं, "कन्यारत्न झाले. नाव क्रांती ठेवले आहे." मी ऐकलं ते ओसरीवर, वैद्यांच्या बरोबर. मी तिला शुभा म्हणायची, ते क्रांती म्हणायचे, आणि पोर दोन्ही नावांना ओ देत नव्हती. तिला घेऊन भेटीला जावं म्हटलं, तर अण्णांनी हात वर केला. "तुरुंगाच्या दारात तान्हं पोर नेऊन रडारड करायची नाही. सरकारला तेच हवं असतं." भेटीला ते आणि शालू जाऊन आले. आल्यावर चहा पीत सांगितलं, "खणखणीत आहे. हसत होता." मला एवढा संताप आला, की मी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं आणि वर आक्कांची बोलणी खाल्ली.

तर ही अशी दहाएक महिन्यांची पोर एक दिवस रांगत रांगत दुकानाच्या उंबऱ्याशी गेली, अण्णांचं धोतर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा."

अण्णांचे डोळे भरून आले. सगळ्या पेठेला सांगत सुटले. मी मात्र मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. त्यांच्यावर रागवावं तर त्यांचा तरी काय दोष होता? पोरीला समोर एकच बाप्या दिसत होता.

त्याच सुमारास तो कागद गाजायला लागला. "यापुढे राजकारणात भाग घेणार नाही" असं लिहून सही करायची, की माणूस सुटतो म्हणे. कुणी कुणी सुटून आल्याच्या बातम्या यायच्या. अण्णा त्यांना "माफीवाले" म्हणायचे. रघूच्या शाळेनंही निरोप धाडला होता, की दिवाळीनंतर जागा भरावी लागेल, सही करून आले तर घेऊ. अण्णांनी तो निरोप आणणाऱ्या शिपायाला चहा पाजला आणि सांगितलं, "म्हणावं, खुशाल भरा."

आणि मग दसऱ्याच्या आधी रघूचं ते पत्र आलं. ओसरी भरलेली. अण्णा नेहमीसारखे खड्या आवाजात वाचत होते आणि मध्येच त्यांचा आवाज खाली आला.

"इथल्या काहींनी सह्या केल्या. मला काय वाटतं तेच मला कळेनासं झालंय. या वेळचं पत्र हेमानं लिहावं. एकटीनं."

पुढं नमस्कार चमत्कार. पण ते कुणी ऐकलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. मी दारात उभी, कडेवर पोर, हाताला कणीक.

"अवघड वेळ आहे," वैद्य म्हणाले. "सूनबाईंनी धीराचे चार शब्द लिहायला हवेत."

"मी सांगतो तिला," एक मास्तर म्हणाले. "मसुदा करून देतो."

"काही मसुदा नको," अण्णा म्हणाले.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी कोरं अंतर्देशीय माझ्यापुढं ठेवलं. सबंध. तिन्ही पानं मोकळी. आक्कांना म्हणाले, "तुझा निरोप पुढच्या खेपेला." शालूला उठवून दुकानात पाठवलं. मग मला म्हणाले, "मला काय वाटतं ते तुला माहीत आहे. मी आत असताना हिनं," त्यांनी आक्कांकडं मान वळवली, "एकदासुद्धा ये म्हटलं नाही. तू काय लिहायचं ते तुझं तू बघ. मी वाचणार नाही."

"खरंच?"

"माळवद्यांच्या घरात खोटं बोलत नाहीत."

ते उठून गेले. आक्का तिथंच बसून राहिल्या, शेंगा फोडत. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "म्हटलं नाही, कारण मला लिहायला येत नव्हतं." आणि शेंगांचं सूप घेऊन आत गेल्या.

मग मी लिहिलं. किती दिवसांचं साठलेलं! पेन कागदात रुतत होतं.

"रघू, तू विचारलंस म्हणून सांगते. सही कर आणि ये. लोक जे बोलतील ते मी दारात उभी राहून ऐकून घेईन, तू घरात बस. पोर अण्णांना बाबा म्हणायला लागली आहे. मला हे सहन होत नाही. तुझा एक सदरा मी न धुता पेटीत ठेवला होता. आता त्याला नुसता पेटीचा वास येतो. मी रोज हुंगून बघते आणि रोज चिडते. मला राजकारण कळत नाही असं समजू नकोस. मला सगळं कळतं. तू बरोबर आहेस हेही कळतं. तरी ये. मी तुला कधीच काही मागितलं नाही, ना साडी ना पाटल्या. हे मागते. लाज वाटत नाही मला. ये."

असं बरंच. तिन्ही पानं भरली, घडीवर लिहिलं, डिंकाच्या जागेवरसुद्धा लिहिलं. साहेबानं वाचलं तर वाचू दे, तो कोण लागतो माझा? पत्र मीच चिकटवलं. अण्णांनी फक्त वरचा पत्ता घातला, दर वेळी घालायचे तसा, ठसठशीत अक्षरात, आणि मागं पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव. स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

पुढचे आठ-दहा दिवस मी घरात नव्हतेच. होते कुठंतरी रस्त्यावर, एस.टी. स्टँडवर. रघूच्या गादीचा कापूस पिंजून घेतला. त्याचा वस्तरा धार लावायला दिला. शालूनं विचारलं, "वहिनी, दादा येणार?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस, मी काय सरकार आहे?" पण गाणं गुणगुणत होते म्हणे.

पत्र आलं. ओसरी भरली. अण्णा उभे राहिले.

"ती. अण्णांना सा. नमस्कार. मी सही करणार नाही. मन आता स्थिर आहे. वैद्यकाकांना सांगावे, पोटाचे दुखणे थांबले. हेमाचं पत्र पावलं."

बस्स. हेमाचं पत्र पावलं! मनिऑर्डर पावावी तसं! मी जीव कागदावर ओतला, आणि याच्याकडून पोच मिळाली. ओसरीवर मात्र काय आनंद! वैद्यांनी अण्णांना मिठी मारली. कुणी पेढे आणले. "सूनबाई, काय लिहिलं असेल तुम्ही," ते मसुदेवाले मास्तर म्हणाले, "पोराचं मन स्थिर करून टाकलंत!" त्यांना वाटलं, मीच धीर दिला. माझ्या हातात पेढा ठेवला. तो मी म्हशीला घातला.

एकट्या अण्णांना खरं काय ते कळलं होतं. मी काय लिहिलं असेल ते त्या दिवशीच्या माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं होतं. पण मेला माणूस बोलला नाही. नुसता पेढा न खाता बाजूला ठेवून दिला.

त्यानंतर रविवारी मी माझ्या पट्टीवर एकच शब्द लिहायला लागले, "ठीक." तोसुद्धा अण्णांनी आग्रह केला म्हणून. रघूची पत्रं यायची, मी ओसरीवर जायचीच नाही. आतून भांडी आपटायची. मला नाही म्हणाला याचं दुःख होतंच. पण नाही म्हणण्याइतकीही किंमत दिली नाही, याचा राग फार मोठा होता. दोन ओळी लिहायच्या होत्यास की. हेमा, मला जमत नाही, एवढं तरी.

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी एक जोडपं दारात आलं. पुरुष चाळिशीचा, डोक्याला टोपी, नजर खाली. बाई ठेंगणी, हातात पिशवी. अण्णा ओसरीवरच होते.

"माळवद्यांचं घर हेच का?" पुरुषानं विचारलं. "मी वैजिनाथ बिडवे. लातूरकडचा. रघुनाथरावांच्या बराकीत होतो."

"होतो?" अण्णांनी विचारलं. "म्हणजे सुटलात. कसे सुटलात?"

तो माणूस टोपी काढून हातात फिरवत राहिला. अण्णांना काय ते समजलं. ते उठले आणि दुकानात निघून गेले. पाहुण्याला बसा म्हणाले नाहीत. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. मला बाकी कशाचं काही नव्हतं. रघूला पाहिलेला माणूस समोर उभा होता. "कसे आहेत हे? जेवतात का? वाळलेत का?"

तो काही बोलायच्या आत त्याच्या बायकोनं माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्हीच का हेमाताई?"

"हो."

"मी महानंदा. आधी तुमची ओटी भरणार, मग पाणी पिणार." तिनं पिशवीतून खण-नारळ काढला, तांदूळ काढले. आक्का आतून आल्या त्या बघतच राहिल्या. "ताई, तुमच्यामुळं माझा धनी घरी आला. तुमचं पत्र आलं नसतं तर हे आले नसते."

"माझं पत्र?" मला वाटलं, बाई काहीतरी भलतंच समजून आली. "माझं पत्र तुमच्या यजमानांना कसं येईल?"

"ते सदऱ्याचं हो," महानंदा म्हणाली. "न धुतलेला सदरा, पेटीत ठेवलेला. मी पण ह्यांचा गमछा ठेवला होता, ताई! तस्साच!"

माझा सदरा या बाईच्या तोंडात? मी बिडव्यांकडं वळले. "कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"वाचलं ना, वहिनी."

"कुणी वाचलं?"

"बराकीत." तो चाचरत बोलू लागला. "आमच्या बराकीत खासगी काही नसायचं. डबा आला तर सगळ्यांचा, पत्र आलं तर सगळ्यांचं. आम्हीच ठरवलेलं, कुणाची सक्ती नव्हती. संध्याकाळी सगळे बसायचे आणि गोविंदराव म्हणून आमच्यातले वयस्कर होते, आवाज चांगला, ते वाचायचे. तुमच्या मामंजींचं पत्र म्हणजे मोठा कार्यक्रम. साठ माणसं गोळा व्हायची. त्या दिवशी वर मामंजींचंच अक्षर. गोविंदरावांनी उभं राहून सुरुवात केली. पहिलंच वाक्य आलं, 'रघू, तू विचारलंस म्हणून सांगते.'"

"मग थांबले नाहीत का ते?"

"थांबले. लगेच थांबले. कागद रघुनाथरावांपुढं केला. म्हणाले, हे तुमचं आहे."

"मग?"

बिडवे टोपीकडं बघत म्हणाले, "रघुनाथराव म्हणाले, वाचा पुढं."

कोण म्हणालं? तो म्हणाला? मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. वाचा पुढं.

"सगळं?"

"शेवटपर्यंत. कुणी हसलं नाही, वहिनी, शपथ सांगतो. एवढी माणसं, पण खोकलं नाही कुणी. गोविंदरावांचा आवाज दोनदा बसला. रघुनाथराव भिंतीकडं तोंड करून उभे होते. दुसऱ्या दिवशी मी आणि आमच्यातला आणखी एक, आम्ही दोघांनी सहीचे कागद मागून घेतले. आणि वहिनी..." तो अडखळला.

"बोला आता. एवढं बोललात तर बोला."

"रघुनाथरावांनी तो सहीचा कागद आधीच आणून ठेवला होता. उशाखाली होता. वर नाव घातलेलं. नुसती सही राहिली होती. आम्ही म्हटलं, चला, तिघं मिळूनच देऊ. त्यांनी आमच्यासमोर तो फाडला."

महानंदा माझ्या ओटीत तांदूळ घालत होती. तिला बिचारीला कळत नव्हतं, नवरा काय बोलून बसला ते. "तुमचे पण येतील हो, ताई," ती म्हणाली. "एवढं पुण्याचं काम केलंत तुम्ही." मी पदर धरून उभी. तिचा नवरा घरी आला होता, कुण्या तिसरीचाही आला होता. माझ्या पत्रानं दोन संसारांत माणूस परत गेला, आणि माझ्याच्या उशाखालचा कागद फाटला. मला त्या बाईचा इतका राग आला, की तो नारळ तिच्याच डोक्यात घालावा असं वाटलं. पण तिनं वाकून पायाला हात लावला. मी म्हटलं, "सुखी राहा." आणि चहा टाकायला आत गेले.

आक्कांनी माझ्या हातातून भांडं काढून घेतलं. "बस खाली," म्हणाल्या. "मी टाकते."

हिवाळा सरता सरता निवडणुका जाहीर झाल्या आणि माणसं सुटायला लागली. सह्या न करता. रघूही सुटला. एस.टी. स्टँडवरून मिरवणूक निघाली, पुढं हलगी, मागं पोरं, गळ्यात हार इतके की तोंड दिसेना. मी दारात ओवाळायला उभी. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी निरांजनाकडं पाहिलं. वाळला होता. कानांवर केस पांढरे झाले होते. शालूनं पोर पुढं केली. "बघ, बाबा आले!" पोर त्याच्याकडं बघून किंचाळली आणि अण्णांच्या गळ्यात पडली. लोक हसले. रघूही हसला, पण ओठ नीट वळले नाहीत त्याचे.

ओसरी, अंगण, रस्ता, सगळीकडं माणसं. अण्णांनी भाषण सुरू केलं. बेचाळीसपासून. रघू पाय धुवायला म्हणून आत आला. मोरीशी आलो आम्ही दोघं. दीड वर्षाहून जास्त काळानंतर आम्ही दोघंच. मी तांब्यानं त्याच्या पायावर पाणी घातलं.

"रागावली आहेस," तो म्हणाला.

"नाही. ठीक आहे मी. दर रविवारी लिहीत होते की, ठीक."

"हेमा..."

"वैजिनाथ बिडवे आले होते पाडव्याला. बायकोला घेऊन. माझी ओटी भरून गेले."

त्याचा पाय पाण्याखाली तसाच राहिला. "मग तुला कळलं."

"वाचा पुढं असं म्हणालास तू?"

"हो."

"का? गोविंदराव कागद देत होते ना तुझ्या हातात? घ्यायचा होता, खिशात घालायचा होता! माझा सदरा, माझी पेटी, माझी लाज, सगळं त्या साठ जणांपुढं? आणि कशासाठी? तुमचा तो नियम मोडू नये म्हणून?"

"नियम गेला खड्ड्यात," रघू म्हणाला. त्याचा आवाज एवढा बारीक झाला होता, की मला वाकून ऐकावं लागलं. "पहिलं वाक्य ऐकलं आणि मला कळलं पुढं काय आहे. हातात घेतलं असतं, कोपऱ्यात जाऊन एकट्यानं वाचलं असतं, तर त्याच मिनिटाला सही केली असती. चारचौघांत ऐकलं म्हणून पायांवर उभा राहिलो."

"नंतर तरी वाचलंस?"

"नाही. गोविंदरावांनाच ठेवायला सांगितलं. ते द्यायला आले की मी तिथून उठायचो. उत्तर लिहायला बसलो, तर 'पावलं'च्या पुढं पेन जाईना. एक ओळ जरी तुला लिहिली असती, तरी तिच्यामागोमाग मी आलो असतो."

पाणी संपलं होतं. मी रिकामा तांब्या धरून उभी होते. "म्हणजे मला नाही म्हणायला तुला साठ माणसं लागली."

"लागली," तो म्हणाला. "कमी असती तर जमलं नसतं."

काय करावं अशा माणसाचं? त्याच्या छातीवर बुक्क्या माराव्यात की त्याला धरून रडावं, मला कळेना. इतक्या महिन्यांत मला कुणी इतकं गोड बोललं नव्हतं, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. पोर त्याला ओळखत नव्हती. शाळेतली जागा भरून गेली होती. माझी दीड वर्षं गेली होती, ती कुठल्या भाषणात येणार नव्हती.

"मग यायचं होतंस ना, रघू!" मी ओरडले. "यायचं होतंस ना रे!"

तांब्या हातातून पडला आणि गडगडत गेला. बाहेर अण्णांचं भाषण थांबलं. ओसरीवरचे मास्तर, वैद्य, पक्षाची माणसं, हारवाले, हलगीवाले, सगळ्यांनी ऐकलं होतं. शालू धावत दारात आली. "वहिनी, हळू! बाहेर लोक आहेत!"

"असू देत," मी म्हटलं. "त्यांनाही ऐकू दे."

रघू ओल्या पायांनी तसाच उभा होता आणि रडत होता. बाहेर कुणीतरी खाकरलं. अण्णा पुन्हा बोलायला लागले, पण बेचाळीसमध्ये कुठवर आलो होतो ते त्यांना आठवेना.